कालेर्वोच्या कपाटामागची फट

कालेर्वोचा उभा जन्म प्लायवूडच्या कारखान्यात गेला. बर्चचे ओंडके तिथे वाफेवर मऊ व्हायचे, यंत्रावर कांद्यासारखे सोलले जायचे आणि त्या पापुद्र्यांचे थर चिकटवून झालेले तक्ते शेवटी कालेर्वोपुढे यायचे. त्याने गुण्या लावायचा आणि कोपरा बघायचा. केसभर तिरका दिसला की तक्ता बाद. अशी कडक नजर, पण घरात त्याच्या हातची म्हणून एक फळी नव्हती. बायको लेंपी आल्यागेल्याला सांगायची, "सोनाराच्या बायकोचे कान मोकळे, ते माझेच बघा."

त्या हिवाळ्यात लेंपी अंगणातल्या बर्फावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या शुश्रूषाघरात राहून ती काठी टेकत चालायला लागली, पण वाकणं संपलं ते संपलंच. आणि तिचे निळ्या काठाचे कप होते ओट्याखालच्या खणात, जमिनीलगत. कालेर्वो भेटायला गेला तेव्हा तिने सरळ सांगितलं, "ज्या घरात पाहुण्याला माझ्या हातची कॉफी नाही, तिथे मीच पाहुणी. मग इथे काय वाईट आहे?"

कालेर्वोने टोपी घातली आणि निघाला. त्या मुलखात जास्त बोलायची रीतच नाही. येताना त्याने प्लायवूडचा एक मोठा तक्ता मात्र आणला.

स्वयंपाकघरात चुलीशेजारचा कोपरा रिकामा होता. तिथे तिकोनी कपाट उभं करायचं, मधे छातीच्या उंचीवर उघडा खण, त्यात कप. वाकायला नको आणि हात वर ताणायला नको. कापाकापीला जागा हवी म्हणून त्याने तक्ता ठेवायचे लाकडी घोडे मांडले ते सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत. साहजिकच शनिवारची सौना तापेना. दुसऱ्याही शनिवारी धुराड्यातून धूर नाही म्हटल्यावर तळ्यापलीकडचा टाउनो दारात हजर.

"जिवंत आहेस होय?" टाउनो म्हणाला. "मी तुझ्या मयताला म्हणून काळे बूट पुसून ठेवले होते."

"आलाच आहेस तर एक बाजू धर," कालेर्वो म्हणाला.

दोघांनी कपाट आत नेलं, कोपऱ्यात सरकवलं. एक बाजू भिंतीला अशी बसली की नख जाईना. दुसऱ्या बाजूला मात्र पुढे दोन बोटांची फट. कालेर्वोने कपाटाला गुण्या लावला. काटकोन चोख. परत लावला. चोखच.

टाउनो खुर्चीवर बसून पोट धरून हसत होता. "अरे, भिंतीला लाव की."

लावला. भिंतच फाकलेली!

"दगड," टाउनो म्हणाला, आणि कालेर्वोने कपाळाला हात लावला.

दगडाची गोष्ट अशी. हे ओंडक्यांचं घर लेंपीच्या बापाने, ईवारीने, बांधलं. पाया खणताना या कोपऱ्याखाली काळा दगड लागला. गावातली माणसं लावली, घोडा जुंपला, दगड हलेना. तेव्हा ईवारी म्हणाला, "तो हलत नाही तर आपण हलू," आणि त्याने भिंतच जरा बाहेर घेतली. ही गोष्ट लेंपी प्रत्येक पाहुण्याला कॉफीबरोबर वाढायची आणि कालेर्वो शेजारी बसून मान डोलवायचा. लग्नापासून मान डोलवली, पण मोजायच्या वेळी डोक्यात फक्त कारखाना.

"आयुष्यभर लोकांचे तक्ते बाद केलेस," टाउनो म्हणाला. "आता तुझ्या सासऱ्याने तुझा केला."

रविवारी लेंपी एका दिवसापुरती घर बघायला यायची होती. नवीन तक्ता आणून कापायला वेळ नव्हता. कालेर्वोने कपाट तसंच भिंतीला पक्कं केलं आणि फट झाकायला पाइनची एक पट्टी रंधून ठेवली. रविवारी सकाळी ठोकायची होती, पण लेंपी कुठेही वेळेआधी पोचणारी बाई. तिला घेऊन टाउनोची गाडी अंगणात आली तेव्हा पट्टी कालेर्वोच्या हातातच होती.

लेंपी आत आली. नव्या खणात मांडलेल्या कपांकडे बघितलं. "हं," म्हणाली. काठी टेबलाला टेकवून तिने कपाला हात घातला, तोच काठी घसरली आणि खाडकन जमिनीवर पडली. मग कालेर्वोने वाकून काठी दिली.

"दर वेळी तू उचलायला असशील का, म्हाताऱ्या?" ती हळूच म्हणाली.

लेंपी काठी घेऊन उभी होती, आणि तिची नजर कपाटाच्या कडेला गेली. तिने काठी फटीत सारली. आत अरुंद होत गेलेल्या फटीत ती घट्ट उभी राहिली, जशी काही तिथलीच. कपाटाला कंबर टेकवून लेंपीने एका हाताने कप घेतला, दुसऱ्याने बशी.

कॉफी झाली. टाउनोने रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा कप पुढे केला आणि वेलदोड्याचा पाव बुडवला.

"ती पट्टी कसली?" लेंपीने विचारलं.

"फट झाकायला."

"खबरदार फटीला हात लावलास तर," ती म्हणाली. "टाउनो, मंगळवारी गाडी मोकळी आहे का रे? माझी पिशवी आणायची आहे शुश्रूषाघरातून."

"आहे की. आणि तो दगड कसला म्हणे, लेंपी? मी कधी ऐकलंच नाही," कालेर्वोकडे बघून डोळा मिचकावत टाउनो म्हणाला.

मग काय, लेंपीने ईवारीपासून सुरुवात केली आणि कालेर्वो मान डोलवत बसला. या वेळी मात्र नीट ऐकत.

त्या शनिवारी तळ्यापलीकडून टाउनोला सौनाचा धूर दिसला. पेटवणाला पाइनची ती पट्टी होती.