काचेची वरची बाजू कुठली?

मंडळी, आज गोंधळून घरी आले आहे. तुम्हीच काहीतरी सुचवा.

ह्यांनी भट्टीत वितळवून केलेली जाड निळी काच माझ्या फोटोंत तुम्ही पाहिली असेल. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. काच ह्यांनी केली तेव्हापासून खिडकीतच टेकवलेली आहे. परवा मांजरानं ती पाडलीच होती, थोडक्यात वाचली. म्हणून आज रिक्षानं उद्यमनगरात एका कारागिराकडे नेली, पितळी चौकट करून टांगायला.

कारागिरानं ती उचलली. "बाबो, काच हाय का वीट!"

मग त्यानं मापं घेतली. एका बाजूला एक इंच जाड, दुसऱ्या बाजूला दोन इंच. "वैनी, चौकट ह्या जाडीपरमानं बनवाय लागंल. कड्या एकाच बाजूला. एकदा लावल्या की उलटी न्हाय करता येणार. वर कुठली बाजू?"

मी काच फिरवून फिरवून पाहिली.

"मालकांनी सांगितलं न्हाई व्हय?"

"नाही हो."

"मग जड बाजू खाली. सोपं हाय की!"

पण मी उद्या सांगते म्हणाले आणि काच परत घेऊन आले.

हे होते तेव्हाही रोज पुसून झाली की मी ती हाताला येईल तशी ठेवायचे. कधी जड बाजू वर, कधी खाली. ह्यांनी एकदाही काही म्हटलं नाही.

तुम्ही कुठली बाजू वर ठेवली असती? आणि खरं सांगा, ह्यांना दोन्ही चालत होतं, की मी उलटी ठेवलेली दिसूनही हे गप्प बसत होते?