काळ्या दगडाचं बारसं

माझ्या भाचीने लघुग्रह शोधला आणि आमच्या लोकांनी त्याचं बारसं घातलं. दुसरं काय करणार? नाव ठेवायचं म्हटलं की पाळणा बांधायचा, एवढंच आम्हाला ठाऊक.

कॉलेजात असताना ती दुर्बिणीचे फोटो कॉम्प्युटरवर एकामागून एक लावून बघायची. सगळे तारे जागच्या जागी आणि एकच ठिपका सरकतोय, तर तो पकडायचा. तिने असा एक पकडला. आधी त्याला नुसते आकडे आणि अक्षरं मिळाली, गाडीच्या नंबरासारखी. मग त्याची सूर्याभोवतीची वाट पक्की ठरायला बरीच वर्षं गेली. आता कुठे नावं ठरवणाऱ्या संस्थेने कळवलं होतं की नाव सुचवा, आमची समिती बघेल. सोळा अक्षरांच्या आत बसवा.

मानकोलीच्या गोदामात सुपरवायझर असलेला माझा भाऊ म्हणाला, गावाचं नाव देऊ. वहिनी म्हणाली, कुलदैवताचं. भाची म्हणाली, "नाव आत्या ठेवेल."

म्हणजे मी. आमच्याकडे हा मान आत्याचाच, पण भाचीच्या स्वतःच्या बारशाला मी स्वयंपाकघरात घुगऱ्या ढवळत होते. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. विधवेने बाळाच्या कानात नाव सांगितलं तर नेमकं काय होतं ते कुणी सांगत नाही, पण भीती सगळ्यांना असते. कुठल्याशा लांबच्या आत्याने कुर्र केलं, ते मी आतून ऐकलं. तेव्हा फार राग आला होता. अजूनही येतो.

तर रविवारी टेमघरहून रिक्षा करून मी कोन गावाला भावाकडे गेले. ओटीवर पाळणा टांगलेला, झेंडूच्या माळा, आणि आत कुंची घातलेला वरवंटा. एरवी बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. या वेळी वरवंट्यामागून घालायला कुणी नव्हतं, म्हणून तोच बाळ झाला. बायकांनी त्याला पाळण्याच्या वरून खालून फिरवलं, काजळाची तीट लावली. काळ्यावर काळी, कुणाला दिसणार?

मग आमच्या सगळ्यांत म्हाताऱ्या काकीने चौकशी सुरू केली, स्थळाची करतात तशी.

"रंगानं कसा हाय?"

"कोळशाहून काळा," भाची म्हणाली. "पडलेला उजेड जवळजवळ सगळा गिळतो. म्हणून तर दिसत नाही लवकर. अंगाच्या उष्णतेवरून कळलं केवढा आहे ते."

"असूं दे. नाकीडोली नीट हाय ना?"

"बटाट्यासारखा आहे. खड्डेही असणार."

"रवतो कुठं?"

"मंगळ आणि गुरूच्या मधे."

"मंगल हाय?" काकीने कपाळाला हात लावला. एका बाईने तिला समजावलं की पत्रिकेतला नव्हे, आकाशातला. काकीचं समाधान झालं नाही.

मी पाळण्याशी गेले तशी ती पुन्हा बोलली, "घरान दुसरी सवाशीण न्हाय का कोनी?"

माझे हात थांबले. भाऊ छताकडे बघायला लागला. मला वाटलं, झालं, पुन्हा घुगऱ्या.

भाची म्हणाली, "आजी, तिथं हवासुद्धा नाही. अपशकुन पोचणार कसा?"

वरवंट्याला कान नसतो, म्हणून मी त्यातल्या त्यात निमुळत्या टोकाशी वाकले. कुर्र केलं आणि नाव सांगितलं.

माझ्या नवऱ्याचं. तो पॉवरलूम दुरुस्त करायचा, आणि काळाकुळकुळीत होता. हे नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, नंतर एकदा हळदीकुंकवाला. विधवेला कुणी 'नाव घे' म्हणत नाही. भाची एवढी झाली तरी घरात कुणी ते माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं.

भावाच्या कानावर ते गेलं असावं, कारण त्याने मान फिरवली. पाळण्याची दोरी कुणी ओढेना. काकी तेवढी पुढे सरकली. मला वाटलं, आता ही बोलणार. बोललीच.

"मोठ्यान घे गो नाव. मना काय ऐकाला न्हाय आला."

मी मोठ्याने घेतलं.