मोकळ्या जागेतले पाहुणे

माझ्या लग्नाची फिल्म निघाली होती, हे आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. १९७० साल नुकतंच सरलं होतं. राहात्याच्या बाजूला तेव्हा लग्नात साधा फोटोवाला आला तरी चार गावांत चर्चा होई. पण पाटाच्या पाण्यावरच्या उसाने वडिलांना जरा बरे दिवस दाखवले होते, आणि बरे दिवस आले की ते लोकांना दिसले पाहिजेत, असा त्यांचा स्वभाव. त्यांनी थेट पुण्याहून चावी द्यायचा कॅमेरा आणि तो चालवणारा तरुण आणला.

आईला हा खटाटोप मुळीच पसंत नव्हता. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. आमच्यात लग्न लागताना नवरीच्या आईनं ते पाहायचं नसतं, मागच्या अंगणात तुळशीपाशी बसायचं असतं. आदल्या दिवशी कॅमेरावाल्याच्या हातात चहा देताना ती म्हणाली, "दादा, मला लगीन बघता यायचं न्हाई. आंतरपाट खाली आला की पोरीचं तोंड तेवढं काढा. बाकी काय काढायचं ते काढा." तो हो म्हणाला. त्यानंतर आईनं फिल्मच्या खर्चावर एक शब्द काढला नाही.

तो शिकून आलेला होता, आणि शिकलेलं सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मांडवाच्या तोंडाशी बैलगाडी लावून तो तिच्यावर चढला आणि वडिलांना बोटांची चौकट करून दाखवू लागला. माणूस अगदी मधोमध ठेवायचा नाही, जरा बाजूला घ्यायचा. डोक्यावर थोडी जागा सोडायची. तो जिकडे बघतोय तिकडे त्याहून जास्त सोडायची, म्हणजे नजरेला वाट मिळते.

"म्हंजे येवढी जागा मोकळीच ऱ्हानार?" वडिलांनी विचारलं.

"हो. त्यातच तर मजा आहे."

"मजा कशाची? रीळ आपलं, आन् जागा मोकळी?"

दुसऱ्या दिवशी वडिलांनी ती चूक दुरुस्त केली. मुहूर्ताला माझ्यासमोर आंतरपाट होता, पलीकडे नवरा, आणि आमच्या आणि कॅमेऱ्याच्या मधली सगळी मोकळी जागा मानाच्या पाहुण्यांनी भरली होती. सगळ्यांत पुढे साखर कारखान्याचे एक संचालक, खास या दिवसासाठी बांधून घेतलेल्या भल्यामोठ्या फेट्यात. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली आणि वडिलांनी आरोळी दिली, "मंडळी, हलू नका! फोटू निघतोय!"

फोटोत हललं की तोंड पुसट येतं, हे आमच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. अख्खा मांडव श्वास रोखून उभा राहिला. अक्षता मुठीतच राहिल्या. कॅमेरावाला गाडीवरून ओरडत होता, "अहो हला! हला की!" तसे लोक आणखीच ताठ झाले. शेवटी त्याचा आवाज बंद झाला. मी मान खाली घालून होते, पुढचं मला काही दिसलं नाही.

महिन्याभराने मी माहेरी आले तेव्हा फिल्म धुऊन आली होती. भुसाराच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भिंतीवर धोतर ताणलं. आई सगळ्यांच्या पुढे, जमिनीवर बसली. मशीन घरघरलं आणि धोतरावर फेटे दिसले. पोळ्याला ओळीने उभे केलेले बैलसुद्धा यापेक्षा जास्त हलतात. संचालकांच्या फेट्यामागून माझ्या मुंडावळीचं एक टोक दिसत होतं. "लई झ्याक आलंय," फिल्म बघायला आलेले संचालक म्हणाले.

आणि एकदम मागचं अंगण आलं. पाहुण्यांना कंटाळून कॅमेरावाला हलणारं काहीतरी शोधत घराला वळसा घालून गेला होता. आंतरपाट खाली आला तेव्हा कॅमेरा तिथं होता. आई तुळशीपाशी बसलेली, चौकटीत जरा बाजूला, डोक्यावर जागा सोडून. ती मांडवाच्या दिशेने बघत होती आणि तिकडे नुसती भिंत होती. कान देऊन ती ऐकत होती, ओठ हलत होते, आणि मध्येच मूठ उघडून ती त्या भिंतीवर अक्षता टाकत होती. फार सुंदर होतं ते. मला हुंदका आवरेना.

"हे काय? मी कशाला?" आई म्हणाली. "पोरगी कुठाय?"

रीळ संपलं, धोतर कोरं झालं. आई माझ्याकडे वळली.

"तुझं तोंड कसं हुतं गं तवा?"

आई जवळ नाही म्हणून मी तेव्हा इतकी रडत होते, की मामानं मला मागून धरून उभं केलं होतं.

"हसत हुते," मी म्हणाले.

"व्हय?" आई म्हणाली, आणि मागच्या बायकांकडे वळून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हसत हुती म्हनं."