मरळ शिकायला कान थोला

दारव्ह्याच्या स्टँडवर जीप भरेपर्यंत माझी बायको वंदना माझ्याशी धड बोलली नाही. पिशवीत ठेचा कुठे ठेवलाय, एवढंच दोनदा सांगितलं. जीप हलली तेव्हा म्हणाली, "तळ्याची काळजी नका करू. मी हाये." मत्स्यपालनाच्या परदेशी प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली होती. लग्नानंतर आम्ही कधी आठवडाभरही वेगळे राहिलो नव्हतो. मी मोठ्या तोऱ्यात हात हलवला आणि यवतमाळ यायच्या आत रडकुंडीला आलो.

नागपूरहून दोन विमानं बदलून व्हिएतनामच्या दक्षिणेला कान थो शहर गाठलं. वरून पाहिलं तर जमीन कुठली अन् पाणी कुठलं, काही कळेना. नदीतच बाजार भरतो, होडीतच दुकान आणि होडीतच चूल. तिन्ही वेळा कोम (भात) आणि सोबत नुओक माम (माशांचा आंबवलेला रस). पहिल्या दिवशी मी तो चिंचेचं सार समजून भातावर वाटीभर ओतला. सगळे हसले, म्हणून हट्टाने संपवला आणि दिवसभर पाणी पीत फिरलो. त्या रात्री वंदनाच्या हातच्या भाकरीची फार आठवण आली. खरं तर वंदनाचीच आली.

आम्हाला शिकवायला चि लान (लानताई) होत्या. त्यांच्या तळ्यांत का लोक (मरळ मासळी) कोंबड्यांसारखी पाळलेली. आमच्याकडे मरळ नाल्यात सापडली तर सापडली, आणि बाजारात आली की तिच्यावरून भांडणं. वंदनाने आणि मी शेततळ्याशेजारी खड्डा खणून मरळीच्या काही जोड्या सोडल्या होत्या. त्यांना पिल्लं कशी होतील, हेच मला शिकून न्यायचं होतं.

लानताईंच्या घरात बुद्धमूर्ती दिसली तशी मी हात जोडले. त्यांनी फोनवरच्या अनुवादकाकडून विचारलं, "तुमच्या घरीही आहे?"

"आहे. आजोबांनी धम्म घेतला, तेव्हापासून."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा पडू लागला.

एका सकाळी त्यांनी पाणगवतात मोकळी केलेली जागा दाखवली. वर लालसर पिल्लांचा पुंजका वळवळत होता आणि खाली नर राखणीला उभा होता. पिल्लं मोठी होईपर्यंत तो जागा सोडत नाही, खाण्यापिण्याचीही शुद्ध नसते त्याला. मी लगेच वंदनाला फोन करून सांगितलं.

"बरं हाये," ती म्हणाली, "कोणी तं घरी राह्यते."

प्रशिक्षण संपत आलं तेव्हा लानताईंनी विचारलं, वर्षभर इथेच काम कराल का? मला मोह झाला. तिथलं पाणी, ते काम, सगळंच आवडलं होतं. वंदनाला सांगितलं तर म्हणाली, "राहा ना. असा चान्स कोणाले भेटते?" तिने 'नका राहू' म्हणावं असं मला फार वाटत होतं. ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "आपल्या खड्ड्यात मरळीची पिल्लं झाली. लाल लाल. नर खाली उभा हाये, हालूनच नाही राह्यला."

मी त्याच दिवशी लानताईंना नाही म्हणून सांगितलं. निघताना त्यांनी सुक्या माशांचं पुडकं हातात दिलं आणि डोळे पुसले. माझेही भरून आले होते.

दारव्ह्याहून गावी पोचलो तो बॅग खांद्यावर तशीच ठेवून थेट खड्ड्यावर गेलो. पाणी शांत होतं. पुंजका नाही, काही नाही. वंदना मागून आली.

"पिल्लं कुठी हायेत?"

"झालीच नाही."

"मंग नर?"

"कोठचा नर अन् कोठचं काय!" ती दुसरीकडे पाहत म्हणाली. "मले तुमची आठवण येऊन राह्यली होती. फोनवर कशी सांगू? तुमची माय बाजूलेच बसून राहे."

कान थोच्या नदीची अजूनही हुरहूर लागते, नाही म्हणत नाही. पण हे एक वाक्य ऐकायला मला समुद्रापलीकडे जाऊन यावं लागलं. पिल्लांचं पुढच्या पावसाळ्यात बघू.