भोंगा वाजला का डबा

त्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण मी हसत होतो.

कुडव्याच्या समाजमंदिरात अणुहल्ल्याची रंगीत तालीम होती. तालीम घ्यायला आलेल्या साहेबांनी आधीच समजावलं होतं. भोंगा वाजला की आत या, दारंखिडक्या लावा, नाकातोंडावर ओलं फडकं धरा आणि सांगेपर्यंत बाहेर पडू नका. भोंगा वाजला आणि आम्ही साठेक जण खिदळत आत घुसलो.

मधोमध हा पांढऱ्या मिशांचा म्हातारा मांडी घालून बसला. खांद्यावरचा गमछा त्यानं गुडघ्यावर पसरला, पाण्याची बाटली काढली आणि डबा उघडला.

"काका, काय करून राहिले?" मी विचारलं.

"जेवून राहिलो. राइस मिलमंदी तीस वर्सं भोंगा वाजला का जेवलो. हात आपोआप डब्याकडेच जाते."

आम्ही हसून लोळायचेच बाकी होतो. साहेब मात्र चिडले. "अहो, बाहेर अणुबॉम्ब पडलाय!"

"पडला ना. मंग बाहेर तुमीच जाऊ देत नाई. आतमंदी उपाशी बसाचं का?"

साहेबांनी हातातली सोबत ठेवायच्या वस्तूंची यादी पाहिली. झाकलेलं अन्न, पाणी, फडकं. एवढ्या जणांत तिन्ही वस्तू फक्त त्याच्याजवळ होत्या. माझी तर बाटलीसुद्धा बाहेर गाडीला लटकत होती.

साहेबांना हसू आवरेना. ते म्हाताऱ्याशेजारीच बसले. त्यानं डब्याच्या झाकणात त्यांना भात वाढला.

"पुढच्या बॉम्बाले आदीच सांगजा, साहेब," तो म्हणाला, "भात जास्तीचा आणीन."