सुईवर आलेला आळ

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत, पण परीक्षेची तयारी करावी तर त्यांनीच. परीक्षा रक्तातल्या साखरेची. तपासणीला घनसावंगीला जायचं ठरलं की तीन-चार दिवस आधीपासून घरात गडबड. भात बंद, सकाळी कारल्याचा रस, रात्री अर्धी भाकरी. एरवी डब्यात पडून राहणाऱ्या गोळ्या तेवढ्यापुरत्या वेळेवर पोटात जायच्या. रिपोर्ट चांगला यायचा, डॉक्टर "छान" म्हणायचे आणि परत येताना आत्याबाई तीर्थपुरीच्या स्टँडवर पेढे घ्यायच्या. गल्लीत वाटायच्या, वाटता वाटता स्वतःही खायच्या. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या परत डब्यात.

"पास झाले की मी," म्हणायच्या. "आता कशाला त्या गोळ्या? सवय लागती त्यांची."

मी शाळेत विज्ञान शिकवते. परीक्षेपुरतं पाठ करू नका रे बाबांनो, हे पोरांना सांगून दिवसभर घसा बसतो आणि घरी आलं की हे. गोडीनं सांगितलं, चिडून सांगितलं, नवऱ्याला सांगायला लावलं. त्याचं एकच, "तू आन् आई बघून घ्या." पालथ्या घड्यावर पाणी. पुढं पुढं मला त्यांच्या साखरेपेक्षा माझ्याच बोलण्याचा वीट आला.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्यासोबत गेले आणि डॉक्टरांना म्हटलं, मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करा. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाले, आता गोळ्यांवर भागणार नाही, इन्सुलिन सुरू करावं लागेल. परतीच्या जीपमध्ये आत्याबाईंनी तोंड फिरवून घेतलं होतं. अर्ध्या रस्त्यात म्हणाल्या, "मागलं उकरून काढायची काय गरज होती? इतके दिवस उपाशी राह्यले, ते न्हाई दिसलं त्या मशीनला?"

इन्सुलिन म्हणजे रोज पोटावर घ्यायची सुई. ती घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. कारण साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीला सुई लागली आणि वर्षाच्या आत ती गेली. तेव्हापासून सुई लागली म्हणजे वरचं बोलावणं आलं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. बहिणीच्या किडन्या आधीच गेलेल्या होत्या, सुई फार उशिरा लागली, असं मी सांगायचे. त्यावर त्यांचं ठरलेलं, "मंग वाचवलं का सुईनं तिला?" मी भाकरी थापायला घ्यायचे. दिवसभर पोरांशी बोलून आल्यावर घरी पुन्हा वाद घालायला अंगात जीव लागतो माणसाला.

उन्हाळ्यात त्यांच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली. साखरेनं पाय बधिर झालेले, त्यामुळे दुखलंच नाही. हळद दाबून, चिंधी बांधून बाई खुशाल शेताकडं जाऊन येत राहिल्या. मला वास आला तेव्हा मी चिंधी सोडायला लावली. अंगठा काळा पडला होता. तसंच त्यांना जालन्याला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आजपासून सुई सुरू करा, नाहीतर पाऊल वाचवता येणार नाही.

तरी आत्याबाईंचं नाहीच. दवाखान्याच्या खाटेवर पाय सोडून बसलेल्या, "मला घरी न्या." तिथं माझा तोल सुटला. मी त्यांच्यावर ओरडले, आणि ओरडता ओरडता सगळ्यांसमोर रडले. म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही मला पाहिजेत हो. चालत्या-फिरत्या पाहिजेत."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग हातातल्या पाटल्या काढून माझ्या ओंजळीत ठेवल्या. "एक माझ्या लेकीला दे, एक तुला ठेव," म्हणाल्या. "टोच आता. पण तूच टोच." नर्सनं दाखवलं तसं मी टोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, मग चहा मागितला.

साखर उतरली, पाऊल वाचलं, पण अंगठा कापावा लागला. सुई आणखी लांबली असती तर पाऊलही गेलं असतं, हे डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. पण गल्लीला कोण समजावणार? गल्लीनं पाहिलं ते एवढंच, की सुई लावली आणि अंगठा गेला. भेटायला येणारी प्रत्येक बाई तेच बोलून जायची. शेजारच्या काकूंना नुकतंच इन्सुलिन लिहून दिलं होतं. त्यांनी ते बंद करून टाकलं. मी सांगायला गेले तर म्हणाल्या, "बाई, तुमच्या घरचं डोळ्यानं बघितलं ना आम्ही." सुई लावा म्हणून ज्या घरात मी डोकं आपटलं, तेच घर आता सुईच्या विरोधात साक्षीला उभं. मी उठून घरी आले. पुन्हा पहिल्यापासून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं.

परवा सकाळी आत्याबाईंना सुई देताना म्हटलं, "काकूंनी सुई बंद केली. तुम्ही तरी सांगा त्यांना, की सुईनं पाऊल वाचलं म्हणून."

"खोटं कसं सांगू?" त्या शांतपणे म्हणाल्या. "माझा अंगठा सुईनंच खाल्ला. पण म्या तुझं नाव कुणापाशी घेतलं न्हाई बघ. तू मायेनं टोचली."

मला रागही आला नाही. सुई हातात तशीच धरून मी विचारलं, "असं वाटतंय तर मग रोज कशाला टोचून घेता?"

त्यांनी पदर बाजूला घेतला, पोट पुढं केलं.

"तू रडतीस ना," म्हणाल्या. "टोच."