पाडव्याआधी माणूस काढत नसतात

त्या दिवशी हॉलमधी कोण कोण व्हतं ते आधी सांगते. माझा लेक व्हता, खुर्चीत. सून सोफ्यावर. तिचा भाऊ लासूर स्टेशनवरून आलेला. तिथं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्याची अडत हाय, हिशेबाचा माणूस म्हणून मुद्दाम बोलावलेला. नात व्हती, बारावीचं पुस्तक उघडं आन् कान आमच्याकडं. आणि मी खाली लसूण सोलत बसलेली. जिचं ठरवायचं व्हतं ती भांडेवाली बाई तेवढी नव्हती. ती सकाळीच आमची भांडी घासून गेली व्हती.

मी शिकलेली नाय. सही येते, बसची पाटी लागते. मी बोलतेय आन् नात लिहितेय. तिला सांगितलंय, माझं बोलणं सरळ करू नको, वाकडं तर वाकडं राहू दे.

लेक वाळूजला कंपनीत हाय. गाड्यांचे पार्ट बनतात तिथं. दिवाळीपासून माल उठंना झाला. पाळ्या कमी झाल्या, ओव्हरटाइम बंद झाला. मंदी मंदी म्हणतात ती घरात आली. तंगी खरी व्हती, मी खोटं म्हणत नाय. लेकाचं उतरलेलं तोंड मला दिसत व्हतं.

तर बसले ठरवायला का काय ठिवायचं आन् काय बंद करायचं. इस्त्रीवाला बंद. बरं झालं म्हणलं, लोटा तापवून इस्त्री करणारी माणसं आम्ही. पेपर बंद. माझं त्यात काय जातं. टीव्हीवरचे पैशाचे पिक्चर दोन जागचे व्हते, त्यातला एक बंद केला, एक ठिवला. मग गाडी धुणाऱ्यावर आले. सुनेचा भाऊ म्हणला, तो राहू द्या दाजी, धुळीची गाडी खाली उभी दिसली का सोसायटीत कुजबूज व्हती. ते सगळ्यांना पटलं. गाडीला माणूस राह्यला.

मग भांडेवालीचं निघालं. तिथं जरा कुणी मोठ्यानं बोलंना. सून म्हणली, भांडी असतात किती, आणि आई तर घरीच असतात. तिचा भाऊ लगेच म्हणला, "मावशींना तेवढीच हालचाल. बसून बसून गुडघे धरतात माणसाचे." लेक पंख्याकडं पाहत व्हता.

माझे गुडघे दुसऱ्याच्या बांधावर झिजले तवा हा जन्मलाबी नव्हता. पण असू दे. बाईला काढलं म्हणून काम थोडंच तिच्यासंगं निघून जातं? दोन टायमाची भांडी तर खरकटी व्हणारच. मला बिनपगारी कामावर ठिवायची बैठक चालली व्हती आन् त्याच बैठकीत मला लसूण सोलायला बसवलं व्हतं.

तेबी गिळलं असतं. भांडी जल्मभर घासली, आणखी घासली असती. झोंबलं ते येगळंच.

ह्या बाईला मी ठिवलं व्हतं, गेल्या पाडव्याला. आधीची गावाकडं निघून गेली तवा सून म्हणली, आई तुम्हीच पाहा कुणी. मी पाह्यली. वेरूळकडची बाई, हाताला सफाई, तोंडाला कमी. गुढी उभी केल्यावर तिला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली आन् म्हणलं, बाई, आज पाडवा ते पुढला पाडवा तू आमची. तिनं नारळ कपाळाला लावला. लेक हसला व्हता तवा. म्हणला, आई, ही काय सालगडी हाय का? व्हय म्हणलं, मला ठिवायची रीत तेवढीच येते.

शहरातल्या माणसाला सांगावं लागंल. सालगडी म्हंजी सालभर दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस. पाडव्याला धरायचा, पाडव्याला सोडायचा. लेकाचा बाप लासूरकडं एका बागायतदाराचा सालगडी व्हता. मी सोयगावकडच्या मेंढरं राखणाऱ्याची लेक, लग्न होऊन त्या मळ्यात आले. मालक तोंडाचा लई फाटका. शिवी दिल्याबिगर हाक मारत नव्हता. मग दुष्काळ पडला. विहीर तळाला गेली, बैलं इकली. औतच नाय तर गडी कशाला, असं त्याच्या घरातलेच म्हणायला लागले. ओट्यावर बसून त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, "पाडव्याआधी माणूस काढत नसतात." ज्वारी निम्मी दिली, तीबी किडकी. पण साल मोडलं नाय. पाडव्याला लेकाच्या बापाला समोर बोलावलं, म्हणला, पुढलं माझ्याच्यानं व्हत नाय, तू मोकळा. नारळ देऊन सोडला. त्या माणसाबद्दल माझ्या मनात दुसरं चांगलं काय बी नाय. हे एक हाय.

हे मी त्या बैठकीत सांगितलं. म्हणलं, बाबा, संक्रांत झाली, पाडवा आता लांब नाय. तवर राहू दे. मग समोर बसवून सोड. मी जबान दिलीय.

लेक म्हणला, "आई, ते खेड्यातलं झालं. ही महिन्यावर आहे. महिना भरला, विषय संपला."

सुनेच्या भावाला हसू आलं. म्हणला, जबानीवर घर चालत असतं तर काय पाहिजे होतं, मावशी. मी म्हणलं, तुझी मोंढ्यातली अडत कशावर चालती रं मग? शेतकरी तुझ्या जबानीवरच माल टाकून जातो का नाय? तो चहा प्यायला लागला.

ठरलं ते ठरलंच. सून वाईट नाय माझी. पण आठ दिवसांखाली संक्रांतीला तिनंच बाईला वाण दिलं व्हतं, तिळगूळ हातावर ठिवून गोड बोला म्हणली व्हती. आन् आता सांगायची येळ आली तर बोलायलाच तयार नाय. मोबाइलवर लिहून पाठवलं, उद्यापासून येऊ नका.

बाईच्या फोनला रिचार्ज नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आली. लेक पाळीला गेलेला, सून शाळेत शिकवायला, नात क्लासला. घरात मी एकली. बाईनं चप्पल काढली, पदर खोचला, सरळ मोरीकडं निघाली. मी म्हणलं, थांब जरा.

"काऊन आजी, पाणी नाय का?"

आमच्या शहरात नळ रोज येत नाय, माणसाच्या मनात आधी तेच येतं. पाणी हाय म्हणलं, तू आधी बस. खुर्ची पुढं केली. तिनं खुर्चीकडं पाह्यलं, मग माझ्याकडं.

"काढलं का मला?"

ती म्हणली, मागल्या लाइनीतल्या मॅडमनीबी आधी खुर्ची दिली व्हती. खुर्ची दिली का मी समजून जाते.

मी चहा टाकला. ती प्यायली, खालीच बसून. घरात दुसरी कोणती बाई पाह्यली का, का माझं काही चुकलं, एवढंच इचारलं तिनं. मी म्हणलं तुझं काय बी चुकलं नाय, मंदी हाय. ती म्हणली, मंदी तर आमच्याकडंबी हाय आजी. मग उठली आन् आपला कप धुवायला लागली. म्हणलं राहू दे. तर म्हणते, राहू कसं दिऊ, आता तुमच्यावरच पडंल. कप पालथा घातला आन् गेली.

मी तिथंच बसून राह्यले. राग आला लई. ठिवली मी. काढली त्यांनी. आन् तोंड माझं पुढं केलं.

मी भांड्याला हात लावला नाय. माझी ताट-वाटी तेवढी धुतली आन् जप करीत बसले. सांजच्याला सून आली, मोरी पाह्यली, म्हणली आई बरं वाटत नाय का. बरं वाटतंय म्हणलं. दुसऱ्या दिवशीबी तसंच. नळ आला, टाकी भरली, पाण्याचंबी निमित्त राह्यलं नाय, तरी भांडी पडूनच. कढईला बुरा यायला लागला. शेवटी लेक माझ्यापाशी आला, म्हणला, "आई, हे काय लावलंय तू? आपल्याच घरातली भांडी आहेत ना?"

आता हे ऐका. थोड्याच दिवसांखाली हाच लेक कंपनीतून तोंड लाल करून आला व्हता. कंत्राटी पोरं सकाळी कामावर आली तर गेटवर त्यांचं कार्डच चालंना. कुणी साहेब बाहेर आला नाय. वॉचमननं पोरांना परत लावलं. त्या दिवशी लेक जेवला नाय. तोंडावर सांगायची लाज वाटते ह्यांना, असं म्हणत आत-बाहेर करत व्हता.

मी त्याला म्हणलं, "तुझ्या कंपनीनं त्या पोरांना वॉचमनकडून परत लावलं. तू हिला माझ्याकडून लावलं. मी तुझी वॉचमन हाय का?"

तो मोरीत गेला आन् भांडी घासायला लागला. आपटून आपटून घासली. मी म्हणलं आपट, पोचे तुझ्याच भांड्याला पडतील.

रविवारी तो आन् सून दोघं बाईच्या घरी गेले, परत बोलवायला. मला चला म्हणले नाय, मीबी आले म्हणलं नाय. तिनं तवर सकाळचं दुसरं घर धरलं व्हतं. पाडव्यापर्यंत सांजच्याला येते म्हणली, पण भांडी भिजवून ठिवा म्हणली, वाळलेलं मी खरवडणार नाय. सुनेनं हो म्हणून मान हलवली म्हणे.

पाडव्याला मी पाट मांडला. नारळ लेकाच्या हातात दिला, म्हणलं आता तू सांग. त्यानं सांगितलं, पुढलं साल जमणार नाय. खाली पाहून का व्हईना, पण तिच्या समोर सांगितलं. तिनं नारळ पिशवीत टाकला आन् म्हणली, भाऊ, परत बोलावलं तवर ते मधले दिवस मी बसून व्हते, त्याचं काय?

सुनेनं माझ्याकडं पाह्यलं. मी लेकाकडं. लेक म्हणला, बघतो.

अजून बघतोय. रोज आठवण देते मी त्याला, ताट पुढं आलं का. घरात आता ज्याचं ताट त्यानं धुवायचं चाललंय, कढई सुनेकडं, कुकर नातीकडं. कुणाचे गुडघे धरले नाय अजून. खाली गाडी मात्र सकाळी दुसऱ्याच्या हातनं धुतली जाते. खिडकीतून पाहते मी.

हे वाचणाऱ्याला माझं एकच मागणं हाय. घरात कामाला बाई असंल आन् तिला काढायची येळ आली, तर ठरवायला बसाल तवा तिलाबी बसवा. तिच्यासमोर बोला. आन् काढलंच तर तिचे मधले दिवस आधी देऊन टाका.